वाचक विचारतात : ऐन हिवाळ्यात झडी लागते तेव्हा

मार्गशीर्षात पाऊस लागून राहिला की आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सगळ्यांची कामं एकाच वेळी अडतात. जुलैत आपण तयारीत असतो. कौलं शाकारलेली असतात, गोठ्याला ताडपत्री बांधलेली असते, चिपाडाची (रस काढलेल्या उसाच्या चोथ्याची) गंजी झाकलेली असते. डिसेंबरात यातलं काहीच जागेवर नसतं. ऊस तोडीला आलेला, गुऱ्हाळं पेटलेली, हरभरा फुलावर आणि कडबा उघड्यावर. म्हणून हिवाळ्यातले चार दिवस पावसाळ्यातल्या पंधरवड्यापेक्षा जास्त नासधूस करून जातात.

हा पाऊस बहुतेकदा लांबच्या वादळाचा असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या आणि अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचा हंगाम. २००९ च्या नोव्हेंबरातलं 'फयान' आणि २०१७ च्या डिसेंबरातलं 'ओखी' अरबी समुद्रातून आपल्या किनाऱ्याकडे सरकलं होतं. ३० नोव्हेंबर २०२४ ला 'फेंगल' पुदुच्चेरीजवळ धडकलं. वादळ तिकडे तमिळनाडूला लागलं तरी त्याची वाफ दख्खनवर पसरते आणि आपल्याकडे आभाळ गच्च होतं. पाऊस उघडल्यावर धुकं आणि दव येतं, आणि निम्मं नुकसान त्याच दिवसांत होतं. या अंकात त्याच विषयावरची पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : आडसाली ऊस तोडीला आला, तोडणी कामगारांची टोळी आली आणि पाऊस सुरू झाला. दोन दिवस तोडलेला ऊस सरीतच पडून आहे, ट्रॅक्टर फडात जात नाही. वाऱ्यानं निम्मा फड लोळलाय. तोड चालू ठेवावी की थांबवावी?
— ऊस उत्पादक, ता. शिरोळ

उत्तर : उभा ऊस थांबू शकतो, तोडलेला थांबत नाही. निर्णय घेताना एवढं एकच धरून चाला. कोयता लागला की उसातलीच विकरं साखरेचं विघटन सुरू करतात. तोडलेल्या टोकांतून जिवाणू आत शिरतात, चिखलात तर फारच लवकर. तोडल्यापासून २४ तासांत ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडायला हवा. त्यानंतर वजनही घटतं आणि साखरेचा उताराही. तेव्हा आज जेवढा रस्त्यापर्यंत काढता येईल तेवढाच आज तोडायचा, हे मुकादमाला स्पष्ट सांगा.

सरीत पडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावरून बांधापर्यंत आणाव्या लागतील. त्याची जादा मजुरी आधी ठरवा, कारण चिखलातून मोळी वाहणं हे दुप्पट कष्टाचं काम आहे. बांधावर खाली पाचट पसरून त्यावर मोळ्या रचा आणि वरूनही पाचटच टाका. प्लास्टिकनं घट्ट झाकलंत तर आत ऊब धरून ऊस लवकर आंबतो.

पहिली पाळी लोळलेल्या उसाला द्या. जमिनीला टेकलेल्या कांड्यांना मुळ्या सुटतात, डोळे फुटतात आणि ती वाढ उसातल्याच साखरेवर होते. उंदीर आणि रानडुकरंही तिथंच आधी घुसतात.

ट्रॅक्टर आत घालायचा मोह मात्र आवरा. ओल्या काळ्या रानात भरलेली ट्रॉली गेली की चाकाखालची माती फूटभर खोल दाबली जाते. त्या पट्ट्यातले बुडखे (तोडल्यावर जमिनीत राहिलेले बुंधे) पुढे नीट फुटत नाहीत. यंदाची एक खेप वाचवायला गेलेला माणूस पुढच्या खोडव्यात, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटलेल्या पिकात, नांग्या (रिकाम्या जागा) भरत बसतो. ट्रॉली रस्त्यावर ठेवा, आत बैलगाडी घाला, आणि बैलगाडीही रुतत असेल तर थांबा.

वाफसा आलाय का, म्हणजे रान काम करण्याइतकं सुकलंय का, हे बघायचं तर सहा इंच खोलीची मूठभर माती घ्या, मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. गोळा फुटून पसरला तर वाफसा आहे. भाकरीच्या पिठासारखा थापटून बसला, किंवा दाबताना बोटांच्या फटीतून चिखल आला, तर रान तयार नाही. वरची माती पांढरी पडली म्हणून फसू नका. पन्हाळा, शाहूवाडीकडची तांबडी रानं दोन-तीन दिवसांच्या उन्हात वाफशावर येतात. शिरोळच्या खोल काळ्या रानाला आठवडा लागू शकतो.

थांबलेल्या दिवसांत रानाच्या उताराकडच्या अंगाला दीड-दोन फूट खोल चर मारून सऱ्यांची तोंडं त्यात फोडा. पाणी हटलं नाही तर पुढचा कोणताही खर्च कामाला येत नाही. तोडलेल्या भागात बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्यानं छाटून घ्या आणि १० लिटर पाण्यात १० ग्रॅम कार्बेन्डाझिम घालून बुडख्यांवर फवारा. युरिया आत्ता टाकू नका. साचलेल्या पाण्यात त्यातला नत्र काही झिरपून तर काही वायू होऊन जातो. कोवळ्या फुटव्यांवर केवडा पडला, म्हणजे शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं-पांढरं दिसू लागलं, तर मुळ्यांना हवा मिळत नाही म्हणून लोह उचललं जात नाही, असा त्याचा अर्थ. वाफसा आल्यावर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १०० ग्रॅम युरिया घालून फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा द्या.

प्रश्न : पूर्वहंगामी उसाची लागण करून तीन आठवडे झाले. मध्येच पाऊस झाला आणि निम्म्या कांड्या उगवल्याच नाहीत. अजून वाट बघावी का?
— वाचक, ता. हातकणंगले

उत्तर : वाट बघण्याआधी चार-पाच ठिकाणच्या कांड्या उकरा आणि उभ्या चिरा. आतला गर पांढरा-पिवळसर आणि डोळा टणक असेल तर थंडीनं उगवण लांबली आहे, एवढंच. पण गर लाल-काळा दिसतोय आणि चिरताना पिकलेल्या अननसासारखा वास आला, तर तो अननस रोग आहे. टोकांतून शिरलेली बुरशी कांडीला आतून पोखरते. ती कांडी आता उगवत नाही.

रोग असेल तर वाफसा आल्यावर एक डोळ्याची २५-३० दिवसांची रोपं आणून नांग्या भरा. नुसत्या कांड्या टोचल्यात तर त्या आधीच्या उसाच्या सावलीत मागं पडतात. 'सुरू' हंगामाच्या लागणीला १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिमच्या द्रावणात कांड्या १० मिनिटं बुडवून घ्या, आणि चिखलात पायानं दाबून लावण्याची घाई करू नका.

प्रश्न : आमचं गुऱ्हाळ आहे. चिपाड ओलं झाल्यानं आदण (एका वेळी आटवायला घेतलेला रस) उतरायला चार-साडेचार तास लागतात. गूळ मऊ आणि काळपट होतोय. शिलकीतल्या रव्यांना (गुळाच्या ढेपांना) पाझर फुटलाय. गिऱ्हाईक रंग मागतं. काय करावं?
— गुऱ्हाळमालक, ता. करवीर

उत्तर : तुमच्या पत्रात दुखणं आणि कारण दोन्ही आहेत. घाण्यातून निघालेल्या चिपाडात जवळजवळ निम्मं पाणी असतं. ऊन असलं की ते दोन-तीन दिवसांत खडखडीत वाळतं. पावसात तसंच चुलवाणात (भट्टीत) घातलं की निम्मा जाळ चिपाडातलंच पाणी उडवण्यात जातो. मग रस मंद आचेवर रेंगाळतो. रस जितका वेळ तापत राहील तितकी त्यातली साखर फुटते. फुटलेल्या साखरेचा दाणा बसत नाही, म्हणून गूळ मऊ पडतो. रंगही त्या रेंगाळण्यानंच काळवंडतो. म्हणून सगळं लक्ष आदणाच्या वेळेवर ठेवा. अडीच-तीन तासांत आदण उतरेल एवढीच काहील (रस आटवायची कढई) भरा. नेहमी हजार लिटर रस घेत असाल तर साडेसातशेच घ्या. दिवसाला आदणं कमी होतील पण माल विकण्यासारखा होईल.

चिपाडासाठी चुलवाणाच्या धुराड्याच्या अंगाला, जिथं एरवी उष्णता वाया जाते, तिथं पत्र्याखाली फळ्यांचा माळा करा आणि उद्याचं चिपाड आज तिथं पसरा. जाळव्याला (जाळ घालणाऱ्याला) एकावेळी मोठा वैरा घालू देऊ नका. थोडं थोडं आणि सारखं घातलं तर जाळ धरून राहतो. धुराड्यातून पांढरा दाट धूर येत असेल तर जळण ओलं आहे.

आता रस. पावसातल्या उसाला चिखल चिकटलेला असतो आणि तो सगळा मळीत (रसावर येणाऱ्या गाळात) येत नाही. मोळ्या घाण्यापाशी आणताच बुडखे आणि मुळ्या सुटलेली कांडी छाटून टाका, चिखल धुवा. पहिली मळी उकळीच्या आधी, दाट साय धरल्यावर काढायची. जाळ घाईनं वाढवला आणि उकळी फुटली की मळी रसात परत मिसळते. ती मग कितीही झारे मारले तरी निघत नाही. हजार लिटर रसाला साधारण दोन किलो ठेचलेल्या रानभेंडीचा चिकट रस पुरतो. तो दोन-तीन हप्त्यांत घाला. चुन्याची निवळी अंदाजानं ओतू नका. रसाचा सामू (पीएच) ५.२ ते ५.५ च्या आसपास असतो, तो ५.८ ते ६ पर्यंत आला की बस. सामू बघायची कागदी पट्टी दुकानात मिळते. चुना जास्त झाला की गूळ काळसर आणि खारट होतो, कमी झाला तर मऊ पडतो. पडलेल्या, मुळ्या सुटलेल्या उसाच्या रसाला चुना नेहमीपेक्षा थोडा जास्त लागतो, म्हणून या दिवसांत प्रत्येक आदणाला पट्टी लावा.

उतरवण्याची वेळ गुळव्याच्या (गूळ करणाऱ्या कारागिराच्या) नजरेवर सोडू नका असं म्हणणार नाही, कारण त्या नजरेची बरोबरी कशालाच नाही. पण सोबत तापमापक ठेवा. ढेपेच्या गुळाला ११८ ते १२० अंश सेल्सिअस लागतं. हवा दमट असताना ११८ ला काठावर न उतरवता १२० च्या जवळ न्या. गोळी परीक्षा तर कराच. पाक थंड पाण्यात टाकून गोळी वळली आणि ती काहिलीच्या काठावर मारल्यावर 'टण्' वाजली की उतरवा. गोळी काठाला चिकटली तर अजून पाणी आहे. वाफा (गूळ निववायचा उथळ हौद) आधी कोरडा पुसून घ्या आणि त्यात ओतल्यावर सारखं ढवळत राहा. रव्याच्या बादलीत घालायचं ओलं फडकं घट्ट पिळलेलं हवं.

रंगासाठी कोणी हायड्रॉस (सोडियम हायड्रोसल्फाइट ही रंग उजळवणारी पावडर) सुचवेल. घालू नका. गुळात सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोमागे ७० मिलिग्रॅम आहे आणि मुठीनं घातलेल्या पावडरीनं ती सहज ओलांडली जाते. शिवाय असा पिवळाधमक गूळ ओल्या हवेत महिन्याभरात पुन्हा काळवंडतो. साखर मिसळणं तर सरळ भेसळच आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या नावाची राखण प्रत्येक काहिलीवर होते. मऊ निघालेल्या आदणाची ढेप करायचा हट्ट धरण्याऐवजी पुढच्या आदणांची काकवीच करा. ती १०५-१०६ अंशांवर उतरते, जळणही कमी लागतं.

पाझर फुटलेल्या रव्यांबद्दल. बाहेर आभाळ असताना आपण कोठी उघडून वारा देतो आणि तिथंच चुकतो. गूळ हवेतलं पाणी ओढतो. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की तो घामेजायला लागतो. पावसाच्या दिवसांत कोठी बंदच ठेवा, दारा-खिडक्यांच्या फटी गोणपाटानं बुजवा, आणि उन्हाची कोरडी दुपार मिळेल तेव्हाच दोन-तीन तास उघडा. रवे जमिनीपासून सहा इंच फळीवर, भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. नवे रवे पुरते निवल्यावर जाड प्लास्टिकमध्ये बांधा. गरम बांधलेत तर आत वाफ कोंडते. पाझरलेले रवे चांगल्या रव्यांपासून वेगळे काढा, आंबूस वास नसेल तर ते लवकर विकून मोकळे व्हा. नेमक्या अडचणीसाठी कोल्हापुरातल्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रात रसाचा नमुना घेऊन जा.

प्रश्न : मी कारखान्याचा चिटबॉय (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा) आहे. माझ्या हद्दीत ऊसतोड कामगारांच्या पंधरा कोप्या (झोपड्या) सखल जागी आहेत. लहान मुलं आहेत. पावसात त्यांच्यासाठी काय करता येईल?
— ता. कागल

उत्तर : तुम्ही विचारलंत हे फार बरं झालं. रात्री वारा-पाऊस असेल तर कोपी सुधारत बसू नका, माणसं हलवा. सरपंचांना सांगून शाळेची खोली किंवा समाजमंदिर उघडून घ्या. बाळंतीण, लहान मुलं आणि म्हातारी माणसं पहिल्यांदा. अडलं तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे.

पाऊस थांबल्यावर कोप्या उंचवट्यावर हलवा. प्रत्येक कोपीभोवती फूटभर खोल चर काढून तो उताराकडे सोडा. आत वीतभर सुकं पाचट आणि त्यावर प्लास्टिक, मग अंथरूण. दोन दिवसांनी पाचट बदला, ओल्या पाचटात विंचू-साप आसरा घेतात. वरचं प्लास्टिक बांबूला नुसतं न बांधता कडा मातीत गाडा, वारा खालून शिरला की आख्खी कोपी उचलतो. सगळ्यात मोठा धोका डोळ्यांना न दिसणारा आहे. थंडीमुळे आत शेगडी किंवा निखारे ठेवून प्लास्टिक चारी बाजूंनी बंद करतात. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. हे प्रत्येक कोपीत जाऊन सांगा, बायकांना आणि मुलांनाही.

विजांसाठी 'दामिनी' हे पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ॲप मोबाईलवर घ्या. वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर तोड तिथंच थांबवा, कोयते खाली ठेवा आणि सगळ्यांना पक्क्या इमारतीत न्या. झाडाखाली किंवा ट्रॉलीखाली कोणी बसायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच फडात उतरायचं.

प्रश्न : दोन म्हशी आणि एक रेडकू आहे. पावसाळी थंडीत म्हशी थरथरतात, वैरण खातात पण दूध दोन लिटरनं उतरलं. सध्या उसाचं वाढंच (हिरवे शेंडे) घालतोय. औषध सांगा.
— गृहिणी व दूध उत्पादक, ता. करवीर

उत्तर : ताई, औषधाच्या आधी पाणी बघा. दुधात ८० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं आणि गारठ्यात म्हैस हौदातलं थंडगार पाणी पीत नाही. बोअरचं किंवा विहिरीचं ताजं उपसलेलं पाणी कोमट असतं, ते दिवसातून तीन-चार वेळा बादलीनं दाखवा. बऱ्याच घरी एवढ्यानंच दोन दिवसांत फरक पडतो.

म्हशीच्या अंगावर केस विरळ, त्यामुळं ती थंडीला गाईपेक्षा कच्ची. कोरडी थंडी ती सोसते, पण भिजलेलं अंग आणि वारा एकत्र आले की थरथरते. वाऱ्याच्या अंगाला ताडपत्री लावा, मात्र वर आढ्याजवळ हातभर फट ठेवा. गोठा पूर्ण बंद केला की मुताचा वास कोंडतो, डोळे चुरचुरतात आणि न्यूमोनिया तिथूनच सुरू होतो. भिजलेली म्हैस कोरड्या गोणपाटानं खरखरून पुसा, मग झूल टाका. झूल ओली झाली की लगेच काढा.

वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातला कॅल्शियम बांधून ठेवतं. नुसत्या वाढ्यावर म्हैस ठेवली की दूध आणि फॅट दोन्ही उतरतात. निम्मी वैरण तरी कोरडी, कडबा किंवा पिंजर (भाताचा पेंढा) द्या. कोरडी वैरण रवंथ करताना अंगात ऊबही धरते. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण पेंडीत घाला. ढिगात तापलेलं, आंबूस वासाचं वाढं आणि बुरशी धरलेला कडबा उकिरड्यावरच टाका. झटकून किंवा वाळवून घातला तरी बुरशीचं विष जात नाही, ते दुधात उतरतं. पावसानं फुटलेले ज्वारीचे कोवळे पोंगे तर अजिबात नकोत, किराळ (विषबाधा) लागते आणि जनावर तासाभरात जातं.

ओल्या गोठ्यात दगडी, म्हणजे कासेचा दाह, लवकर होतो. दूध काढल्यावर सडाचं तोंड मिटायला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ म्हैस बसू देऊ नका. समोर वैरण टाकलीत की ती आपोआप उभी राहते. सड पोव्हिडोन आयोडिनच्या सौम्य द्रावणात बुडवा. पहिल्या चार धारा काळ्या फडक्यावर काढून गुठळ्या आहेत का ते बघा.

रेडकाच्या जागेवर गुडघा टेकून अर्धा मिनिट बसा. लुगड्याला ओल लागली तर पाचट बदलायची वेळ झाली. म्हशीचं साधारण तापमान १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट. १०३ च्या वर गेलं, घशाखाली सूज आली किंवा श्वासाची घरघर ऐकू आली तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा. घटसर्पात काही तासच हातात असतात.

प्रश्न : हरभरा फुलावर असताना पाऊस झाला. फुलं गळाली, काही झाडं पिवळी पडून वाळतायत. दुकानदारानं तीन औषधं एकत्र फवारायला दिली आहेत.
— ता. गडहिंग्लज

उत्तर : तीन औषधांचं मिश्रण ठेवून द्या. आधी सरीतलं पाणी काढा. वाळणारं झाड उपटून मूळ उभं चिरा. आत तपकिरी-काळी रेघ दिसली तर मर रोग आहे, त्याला वरून फवारलेलं काहीच पोचत नाही. मुळं काळी पडून साल हाताला सुटत असेल तर ती पाण्यानं झालेली मुळकूज, निचरा झाला की पुढची झाडं वाचतात. दोन्हींत वाळलेली झाडं रानाबाहेर काढा.

हरभऱ्याच्या पानावरची आंब पावसानं धुऊन जाते. आंब म्हणजे झाडाचं स्वतःचंच कीटकनाशक. त्यामुळं पावसानंतरच्या आठवड्यात घाटे अळीवर नजर ठेवा. एकरी दोन कामगंध सापळे आणि वीसेक पक्षी थांबे लावा. अळ्या लहान असताना पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. मीटरभर ओळीत दोन अळ्या दिसू लागल्या तर इमामेक्टिन बेन्झोएट (५ टक्के) १० लिटरला ४ ग्रॅम, तेही दव वाळल्यावर. गळालेल्या फुलांची फार काळजी नको, ऊन पडलं की नवी फुलं येतात. खरं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त वाटत असेल तर फोटो काढून तलाठ्याकडे लगेच पंचनाम्याची मागणी करा. रान मोडून झाल्यावर पंचनामा होत नाही.

प्रश्न : जुनं मातीच्या भिंतींचं घर आहे. भिंतींना ओल, कपड्यांना कुबट वास आणि कांदा-लसूण चटणीला वरून पांढरी बुरशी आलीय. वरचा थर काढून चालेल का?
— शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : चटणी पूर्ण टाकून द्या. फार जिवावर येतं, वर्षाची बेगमी असते, पण दिसणाऱ्या थराच्या खाली बुरशी पसरलेली असते. पुढच्या वेळी रोजच्यासाठी छोटी बरणी वेगळी काढा. मोठ्या बरणीत कोरडाच चमचा घाला, आणि वर तेलाचा पातळ थर राहील असं बघा.

ओल कुठली आहे ते ठरवायला फूटभर चौकोनी प्लास्टिक भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं लावा आणि दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर ती घरातलीच वाफ आहे, भिंतीकडच्या बाजूला असतील तर भिंत पाणी ओढतेय. पहिल्या प्रकाराला दुपारी समोरासमोरच्या खिडक्या उघडणं आणि कपडे एकाच खोलीत पंख्याखाली वाळवणं हा उपाय. दुसऱ्यात आधी कौल आणि पन्हळ तपासा. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आत कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. चुन्याचा गिलावा श्वास घेतो, आणि तोही फाल्गुनात भिंत वाळल्यावरच.

प्रश्न : कोल्हापुरी चप्पल भिजून फुगली. चुलीपुढं वाळवली तर कडक होऊन तळ उचलला.
— वाचक, ता. भुदरगड

उत्तर : बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं हे चामडं, आचेवर त्यातलं तेल निघून जातं आणि ते आकसतं. चप्पल भिजली की आत कागदाचे बोळे भरून सावलीत उभी टेकवा, बोळे सात-आठ तासांनी बदला. दोन-तीन दिवसांत ती वाळते. थोडी ओल असतानाच खोबरेल किंवा एरंडेल बोटानं चोळा. तुमच्या चपलेला तीन-चार दिवस रोज थोडं तेल द्या, मऊ झाल्यावर कारागिराकडून चामड्याच्या वादीनं तळ शिवून घ्या. खिळा मारू देऊ नका, पुढच्या ओलीत तो गंजून चामडं खातो.

प्रश्न : तालमीतल्या कुस्तीच्या हौद्याची माती दमट होऊन बसलीय. पोरांना गजकर्ण झालंय. माती बदलावी का?
— तालमीतला वस्ताद, कोल्हापूर

उत्तर : माती बदलायची गरज नाही. पाऊस असेपर्यंत हौद्यात ताक, तेल, लिंबू काही घालू नका, माती आधीच ओली आहे. रोज पहाटे जोराच्या (सरावाच्या) आधी फूटभर खोल खणून उलटी करा, ढेकळं फोडा. दुपारी ऊन असेल तेव्हाच खिडक्या उघडा. ओल हटल्यावर नेहमीसारखी हळद आणि बाकीचं घाला.

गजकर्ण झालेल्या पोराला चट्टे पूर्ण जाईपर्यंत हौद्यात उतरवू नका, जोर-बैठका बाजूला काढू देत. मलम खाज थांबल्यावरही दोन आठवडे लावायचं असतं. दुकानातून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणून लावलं की चट्टा तात्पुरता फिका पडतो आणि मग अंगभर पसरतो, म्हणून त्वचेच्या डॉक्टरांनाच दाखवा. प्रत्येकाचा लंगोट आणि पंचा वेगळा हवा. ओला लंगोट पुन्हा नेसायचा नाही, दोन जोड ठेवा.

प्रश्न : विहिरीवरची मोटर आणि स्टार्टरची पेटी भिजली. लाइट आली की चालू करून बघू का?
— ता. राधानगरी

उत्तर : करू नका. ओल्या वाइंडिंगमधून वीज गेली की मोटर जळते. पेटीचा पत्राही जिवंत असू शकतो, हात लावणाराच दगावतो. मेन स्विच खाली करा आणि फ्यूज काढून खिशात ठेवा, म्हणजे दुसरं कोणी चालू करणार नाही. मोटर वर काढून टोपण उघडा आणि दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. ऊन नसेल तर मोटर दुरुस्त करणाऱ्याकडे भट्टीत वाळवून घ्या. चालू करण्याआधी वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरनं (रोध मोजायच्या यंत्रानं) तपासणी करा, वाइंडिंग आणि बॉडीमधला रोध किमान १ मेगओहम आला पाहिजे. बेअरिंगमध्ये पाणी गेलं असेल तर जुनं ग्रीस काढून नवं भरा.

ऑटो स्विच बंद ठेवा, नाहीतर रात्री लाइट आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू होते. अर्थिंगच्या खड्ड्यातली तार गंजून तुटलेली नाही ना, हेही बघून घ्या. घराला आणि गोठ्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, तो नुसत्या एमसीबीनं न होणारं काम करतो. तार तुटून पडलेली दिसली तर जवळ न जाता १९१२ ला फोन लावा आणि कोणीतरी येईपर्यंत माणसं-जनावरं तिकडं जाऊ देऊ नका.